अंदाज सांगता, तशी त्यामागची खात्रीही सांगा : हवामान विभागाला एका द्राक्ष बागायतदाराचं खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, भारतीय हवामान विभाग, नवी दिल्ली
प्रमुख, हवामान विभाग, पुणे आणि प्रादेशिक हवामान केंद्र, मुंबई
कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

स.न.वि.वि.

हस्ताचा पाऊस ओसरायला लागला की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षपट्ट्यात माणसं भेटल्यावर एकमेकांना एकच गोष्ट विचारतात, छाटणी कधी घ्यायची? गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी, एकदा घेतली की मागे फिरता येत नाही. काडीला कात्री लागली की पुढच्या चार-पाच महिन्यांचं गणित त्याच दिवशी ठरतं. काडीच्या डोळ्यांना (कळ्यांना) फुटीसाठी पेस्ट लावल्यावर काही तास तरी कोरडे मिळावे लागतात. आठ-दहा दिवसांनी पोंगा, म्हणजे नवी कोवळी फूट, फुटतो, तेव्हा कोवळं पान फार वेळ ओलं राहिलं तर डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच म्हणून समजा. पुढे पाच-सहा आठवड्यांनी बाग फुलोऱ्यात येते. त्या दिवसांत पाऊस लागला तर गळ आणि कूज. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नोव्हेंबरच्या आभाळावर पैसे लावून बसलेले असतो, आणि एकरी खर्च लाखांच्या घरात असतो.

हे सांगायचं कारण असं की तुमचं पत्रक आमच्याकडे काळजीपूर्वक वाचलं जातं. जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज, दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज, उपग्रहाची चित्रं हे सगळं आमच्या गावातली तिशीतली पोरंही उघडून बघतात. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणाऱ्या टोळ्यांच्या मुकादमांनाही हल्ली अंदाज विचारावा लागतो, कारण पावसानं दोन दिवस बुडाले की त्यांचीही मजुरी बुडते. या सगळ्यांच्या वतीनं एक मागणी करायची आहे. अंदाज देताना तुम्हाला स्वतःला त्याची किती खात्री वाटते, ते आम्हाला आकड्यात सांगा.

तुमचं काम सुधारलं आहे, हे आधी मोकळेपणानं सांगते. १८७५ साली स्थापन झालेल्या या विभागाकडे आज जी साधनं आहेत, ती आमच्या आजोबांच्या पिढीला कल्पनेतही नव्हती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' हा महासंगणक आला. मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टम' सुरू झाली आणि जगाच्या नकाशावर १२ किलोमीटरच्या चौकटीनं मांडला जाणारा अंदाज ६ किलोमीटरच्या चौकटीवर आला. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा अंदाज मिळू लागला. 'मिशन मौसम'साठी केंद्रानं दोन वर्षांकरता २००० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा योग्य ठिकाणी जातो आहे असं मला वाटतं, आणि तो वाढावा असंही वाटतं.

पण चौकट लहान झाली म्हणून अंदाज तेवढाच पक्का झाला, असं होत नाही, हे तुमच्याइतकं कोण जाणतं? आजच्या हवेची स्थिती कोणालाच पूर्ण मोजता येत नाही. समुद्रावर, डोंगरावर, ढगांच्या आत मोजमापात फटी राहतात आणि त्या फटींतली लहानशी चूक चार-पाच दिवसांत मोठी होते. म्हणून तर तुम्ही एकच अंदाज एकदाच काढून थांबत नाही. २०१८ च्या जूनपासून तुमच्याकडे जी समूह-अंदाज प्रणाली वापरात आली, तिच्यात सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून तोच अंदाज २१ वेळा चालवला जातो. एकवीसपैकी अठरा वेळा पाऊस दिसला तर गोष्ट वेगळी, आणि एकवीसपैकी पाच वेळा दिसला तर वेगळी. हा फरक तुमच्या शास्त्रज्ञांना टेबलावर दिसतो. आमच्या मोबाइलवर पोहोचेपर्यंत मात्र त्याचं एक ढगाचं चित्र आणि मिलिमीटरचा एक आकडा होतो. त्या चित्रामागे पाच होते की अठरा, ते आम्हाला कधीच कळत नाही.

आमच्यासाठी सगळं त्यातच आहे, कारण प्रत्येक शेतकऱ्याचा निर्णय वेगळ्या टक्क्याला बदलतो.

आमच्या गावातलंच उदाहरण देते. ऑक्टोबरात कोणाची मका खळ्यावर वाळत पडलेली असते, कोणाच्या सोयाबीनची सोंगणी होऊन गंजी लागलेली असते. ताडपत्री घरात आहे, दोन माणसं लागतात, अर्धा तास जातो. समजा झाकायला पाचशे रुपये लागले आणि भिजल्यावर दहा हजारांचं नुकसान होणार असेल, तर पावसाची शक्यता दहात एक असली तरी झाकणंच शहाणपणाचं. त्याला दहा टक्के पुरेसे आहेत. नदीकाठच्या माणसाला तर त्याहून कमी पुरतात. पाण्यातली मोटार वर काढायची, जनावरं वरच्या वस्तीवर न्यायची, एवढ्यासाठी पाच टक्क्यांचा इशाराही त्याला मोलाचा वाटेल. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं माढा, करमाळा, परंड्याच्या गावांत जे केलं ते पाहिल्यावर हे कोणाला समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

आता माझ्या बागेचं बघा. ठरलेली छाटणी आठ दिवस पुढे ढकलायची म्हणजे टोळी दुसऱ्याकडे जाते, माल बाजारात उशिरा येतो, त्या वेळी आवक वाढलेली असते आणि दर उतरलेला असतो. ढकलण्याची किंमत फार मोठी आहे. म्हणून तीस टक्के शक्यतेला मी छाटणी थांबवणार नाही. सत्तर टक्के असेल तर थांबवेन. त्याच तीस टक्क्यांना मी फवारणीचं औषध मात्र आणून ठेवेन. कांद्याचं रोप टाकणारा माझा शेजारी आणखी निराळं ठरवेल. त्याच्या गादीवाफ्यावर एक झोडपणारी सर आली तरी बियाणं वाहून जातं आणि उन्हाळ कांद्याच्या बियाण्याचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे.

एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच आभाळाखाली चार माणसांनी चार वेगळे निर्णय घ्यायचे असतात आणि चौघांचेही बरोबर असू शकतात. त्यांना 'उद्या पाऊस' किंवा 'उद्या पाऊस नाही' असं सांगितलं की चौघांनाही एकाच मापाचा निर्णय दिल्यासारखं होतं. टक्केवारी दिली तर ज्याचा त्याला ठरवता येईल.

रंगांच्या इशाऱ्यातही हीच अडचण येते. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल ही पद्धत प्रशासनासाठी चांगली आहे, शाळा बंद ठेवायची की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांना तिच्यावरून ठरवता येतं. पण हा रंग दोन गोष्टी एकत्र करून काढलेला असतो: परिणाम किती मोठा आणि तो होण्याची शक्यता किती. त्यामुळे पिवळ्या रंगाचा अर्थ 'मध्यम पाऊस जवळजवळ नक्की' असाही होतो आणि 'मोठा पाऊस, पण शक्यता थोडी' असाही होतो. द्राक्षबागेत या दोन पिवळ्यांवर करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यात फवारणी आधीच उरकून घ्यायची, दुसऱ्यात चर मोकळे करायचे, पाणी निघायला वाट ठेवायची. रंग ठेवा, पण त्याच्याशेजारी हे दोन आकडे सुटे लिहा.

टक्केवारी तुमच्याकडे नाही असंही नाही. तुमच्या देशपातळीवरच्या पत्रकात शक्यतेच्या चार पायऱ्या दिलेल्या असतात: २५ टक्क्यांच्या खाली, २५ ते ५०, ५० ते ७५ आणि ७५ च्या वर. तसंच पाऊस जिल्ह्यातल्या किती केंद्रांवर पडेल याच्याही पायऱ्या आहेत. एक चतुर्थांश केंद्रांपर्यंत असेल तर 'तुरळक ठिकाणी', तीन चतुर्थांशांच्या वर गेला तर जवळपास सर्वदूर. ही नेमकी माहिती आहे. पण मराठी पत्रकापर्यंत आणि तिथून बातमीपर्यंत येताना चारही पायऱ्यांचं मिळून 'पावसाची शक्यता' एवढंच उरतं. वीस टक्के आणि ऐंशी टक्के एका वाक्यात सांगितले जातात. मग वीस टक्केवाला दिवस कोरडा गेला की लोक म्हणतात, वेधशाळेचा अंदाज चुकला. तो चुकलेला नसतो. पाचपैकी चार वेळा कोरडाच जाणार असं तुमच्या कागदावर लिहिलेलं होतं, लोकांपर्यंत ते आलं नाही. यात तुमची पत जाते याचं मला वाईट वाटतं, आणि ती गेली की खरा धोका असलेल्या दिवशीही माणसं घराबाहेर निघतात याची जास्त काळजी वाटते.

शेतकऱ्याला टक्केवारी कळणार नाही, तो गोंधळेल, असं काही अधिकारी म्हणतात असं कानावर येतं. या समजाला माझा ठाम विरोध आहे. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात कांदा आज विकावा की चाळीत ठेवावा हे ठरवणारा माणूस रोज शक्यतांचाच हिशेब करत असतो. भाव चढेल, उतरेल, निर्यातीवर काही निर्णय होईल, चाळीतला माल किती सडेल, हे सगळं डोक्यात धरून तो ट्रॅक्टर भरतो. त्याला 'दहापैकी सात' कळत नाही असं मानणं त्याच्यावर अन्याय आहे.

आणि जिथे तुम्ही अनिश्चितता उघडपणे दाखवली आहे, तिथे लोकांनी ती व्यवस्थित समजून घेतली आहे. चक्रीवादळाचा मार्ग दाखवताना तुम्ही एक रेघ मारून थांबत नाही. रेघेभोवती रुंद होत जाणारा शंकू काढता आणि सांगता की वादळ यात कुठेही जाऊ शकतं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्याआधी किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवण्यात आलं. शंकू रुंद आहे म्हणून कोणी हलायला नकार दिला नाही. मान्सूनच्या आगमनाचंही तसंच. २०२५ मध्ये तुम्ही सांगितलंत की केरळात २७ मेला पोहोचेल, चार दिवस पुढे-मागे. तो २४ मेला आला, तुमच्या मर्यादेत. २६ मेला तर मुंबईत होता, नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी. हंगामाच्या एकूण पावसाच्या एप्रिलमधल्या अंदाजालाही तुम्ही 'उणे-अधिक ५ टक्के' लावता. म्हणजे चार महिन्यांच्या देशभरच्या पावसाला किती चूक होऊ शकते याची मर्यादा दिली जाते, वादळाला दिली जाते, आगमनाला दिली जाते. फक्त परवाच्या दिवशी माझ्या तालुक्यात पडणाऱ्या पावसाला ती दिली जात नाही, आणि निर्णय तर मला त्याच्यावर घ्यायचा असतो.

त्या मे महिन्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण चार आठवड्यांच्या अंदाजाचं मोल त्यातून कळेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (ही छाटणी नवी काडी तयार करण्यासाठी असते) साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा सूक्ष्म घड तयार होतो. त्याला ऊन लागतं. २०२५ मध्ये मे महिन्यापासून जे आभाळ भरून आलं ते हटेना. डोळ्यात घड धरलाच नाही, आणि ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर कुठे गोळी घड (वाढ न झालेले बारके घड) निघाले, कुठे घड जिरून बाळी, म्हणजे घडाऐवजी नुसता वेलीचा ताणा, निघाली. त्या काळात काडीची विरळणी वाढवणं, शेंडा वेळेवर मारणं, नत्राचा आणि पाण्याचा हात आखडता घेणं, अशा थोड्याफार गोष्टी करता येतात. सगळं वाचत नाही, पण काही वाचतं. त्यासाठी 'पुढचे दोन-तीन आठवडे सरासरीपेक्षा ढगाळ राहण्याची शक्यता इतकी' हे कळावं लागतं. विस्तारित अंदाज मिलिमीटरच्या नकाशात येतो, ढगाळपणाबद्दल त्यातून आम्हाला फारसं काही काढता येत नाही. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर आठवड्याला हवामानावर आधारित सल्ला देतं, तो आम्ही पाळतो. त्या सल्ल्याला तुमच्याकडून ढग, उन्हाचे तास आणि पान ओलं राहण्याचे तास यांचे अंदाज मिळाले, तर फवारण्या कमी होतील. औषधाचा खर्च वाचेल आणि निर्यातीच्या मालातल्या अवशेषांची चिंताही कमी होईल. डाऊनीला किती मिलिमीटर पडला याच्याशी देणंघेणं नसतं. रात्रभर दव धरून पान सकाळी दहापर्यंत ओलं राहिलं, तर एकही थेंब न पडता रोग येतो.

आता जिल्ह्याबद्दल. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि येवल्यात पाचशेच्या आगेमागे. या दोघांना एकच अंदाज कसा लागू पडणार? तुम्ही घाटमाथ्याचा इशारा वेगळा द्यायला सुरुवात केलीत, नाशिक घाट, पुणे घाट, सातारा घाट, कोल्हापूर घाट. ही फार चांगली सुधारणा झाली. पण घाट वेगळा काढल्यावर उरलेला जिल्हाही काही एकजिनसी नाही. दिंडोरीचा पश्चिम भाग आणि सिन्नरची पूर्व बाजू यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंतर किती कमी असलं तरी फरक किती मोठा असतो, हे २६ जुलै २००५ ला साऱ्या देशानं पाहिलं. सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३.४. हा प्रसंग टोकाचा होता, मान्य. पण ऑक्टोबरातल्या गडगडाटी पावसात रस्त्याच्या अलीकडची बाग धुऊन निघते आणि पलीकडच्या बागेत धूळ उडत असते, हे आमच्याकडे दरवर्षी होतं.

असा गडगडाटी पाऊस नेमका कोणत्या शिवारात पडेल हे आदल्या दिवशी कोणालाच सांगता येणार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. ते तुमच्याकडून मागतही नाही. तिथे तुम्ही 'उद्या दुपारनंतर निफाड-येवला भागात गडगडाटी पावसाची शक्यता ४० टक्के, गारांची शक्यता ५ टक्के, जागा आधी सांगता येणार नाही, दुपारी दोननंतर तीन तासांचा तातडीचा अंदाज पाहा' असं लिहिलंत तर तो मला सर्वांत प्रामाणिक अंदाज वाटेल. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाडकर विसरलेले नाहीत. त्या संध्याकाळी काही बागांत मणी भरायच्या अवस्थेतले घड होते. प्लास्टिकचं आच्छादन घालणारे बागायतदार आता हळूहळू वाढत आहेत, पण ते महाग आहे, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याला निदान मजूर बागेबाहेर काढायला तासभर मिळावा. विजांसाठी 'दामिनी' ॲप उपयोगी पडतं, झाडाखाली उभं राहू नका हे आता लहान मुलंही सांगतात. गारांसाठी तेवढं जवळचं काही नाही.

इथे रडारचा मुद्दा येतो. मुंबईच्या रडारपासून निफाड हवाई अंतरानं पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रडारचा किरण थोडा वर रोखलेला असतो आणि पृथ्वी खाली वळत जाते. त्यामुळे आमच्याकडे पोहोचेपर्यंत सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून तीन-साडेतीन किलोमीटर उंच गेलेला असतो, आणि मधे सह्याद्री आहेच. ढगाचा तळ, जिथून पाऊस आणि वारा खाली येतो, तोच भाग त्या किरणाच्या नजरेतून निसटतो. 'मिशन मौसम'मधून देशात नवी रडार बसणार आहेत. त्यातलं एक उत्तर महाराष्ट्राच्या या पट्ट्याकडे जवळून पाहणारं असावं. देशाच्या द्राक्ष निर्यातीतला मोठा वाटा इथून जातो, तेव्हा ही मागणी अवाजवी ठरू नये.

अंदाजाइतकाच त्याचा नंतरचा पडताळा महत्त्वाचा आहे. तुमच्या अंदाजांची तपासणी तुम्ही करता, तुमच्या अहवालांत ती असते. पण गावात ती कोणी पाहिलेली नाही. महसूल मंडळांत राज्याच्या 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, राज्यभर दोन हजारांहून जास्त. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरली जाते, पंचनामे होतात, फळपीक विम्याचे निकषही अशा केंद्रांच्या नोंदींवर चालतात. म्हणजे पाऊस मोजला जातो, नोंदवला जातो. मग मंडळनिहाय एक साधा तक्ता महिन्याच्या शेवटी का निघू नये? एका बाजूला अंदाज, दुसऱ्या बाजूला झालेला पाऊस. '३० टक्के' असं सांगितलेल्या दिवसांपैकी खरोखर किती दिवशी पाऊस झाला, ते त्यात यावं. दहापैकी तीनच्या आसपास झाला असेल तर तो अंदाज विश्वासाचा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हा तक्ता लागला तर वर्षभरात तुमच्याबद्दल गावात होणारं बोलणं बदलेल.

याची निकड वाटायला एक कारण आहे. तुमची अनिश्चितता झाकलेली राहते, तिथे खात्री विकणाऱ्यांचं फावतं. 'अमुक तारखेला तमुक जिल्ह्यात मुसळधार' असे संदेश मोबाइलवर फिरतात, व्हिडिओ लाखांनी पाहिले जातात. त्यांत शक्यता नसते, मर्यादा नसते, आणि चुकल्यावर हिशेब द्यायला कोणी येत नाही. लोक त्यांच्यामागे जातात, कारण काळजीत असलेल्या माणसाला ठाम बोलणारा आवडतो. यात लोकांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. तुमच्याकडून आकड्यासह, पडताळ्यासह आणि मराठीत अंदाज आला, तर शेतकऱ्याला तुलना करता येईल. आज त्याच्या हातात तुलना करायला काहीच नाही.

मराठीत म्हणते, तेव्हा मला फक्त भाषेबद्दल बोलायचं नाही. अंदाजाला कोणीतरी माणूस लागतो, जो म्हणेल, 'ताई, तुमची बाग पोंग्यात आहे ना, मग शुक्रवारच्या आत फवारा.' कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू झाली होती, देशभरात १९९. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचा सल्ला यायचा, जिल्ह्याच्या पिकांसाठी, स्थानिक भाषेत. २०२४ च्या सुरुवातीला ती गुंडाळण्यात आली. राहुरी, परभणी, अकोला, दापोलीच्या विद्यापीठांतली कृषी हवामान केंद्रं काम करतात, पण त्यांच्या वाट्याला अनेक जिल्हे आहेत. महासंगणकावर खर्च करायचा आणि त्यातून निघालेलं शेतापर्यंत नेणारा माणूस कमी करायचा, हा हिशेब मला पटत नाही. केंद्र सरकारनं ती केंद्रं पुन्हा सुरू करावीत. सरकारला वेळ लागणार असेल तर तोवर राज्याच्या कृषी विभागानं प्रत्येक तालुक्यात एका सहायक कृषी अधिकाऱ्याला हे काम नेमून द्यावं, त्याला तुमच्या पुणे कार्यालयात प्रशिक्षण द्यावं.

एक लहान गोष्ट आणखी. तुमचं पत्रक रोज बदलतं, ते बदललंच पाहिजे. पण काल काय होतं आणि आज का बदललं, हे त्यात कुठे दिसत नाही. सोमवारी 'शनिवारी पाऊस' वाचलेला माणूस गुरुवारी 'शनिवार कोरडा' वाचतो आणि दोन्हींवरून त्याचा विश्वास उडतो. पहिल्या परिच्छेदात एकच ओळ द्या: 'कमी दाबाचं क्षेत्र अपेक्षेपेक्षा दक्षिणेकडून जात असल्यानं शनिवारची शक्यता ६० वरून २५ टक्क्यांवर आली आहे.' एवढं पुरेल. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, पैसा लागत नाही. हे तर पुढच्या आठवड्यापासूनही सुरू करता येईल.

आमच्या बाजूनं काय करू शकतो तेही लिहिते. आमच्या द्राक्ष गटातल्या बऱ्याच जणांच्या बागेत साधे पर्जन्यमापक आहेत, काहींनी पानाचा ओलावा मोजणारी यंत्रंही बसवली आहेत. तुमच्या मोजणीच्या वेळेला, म्हणजे सकाळी साडेआठला, रोज नोंद घेऊन ती तुम्ही सांगाल त्या नमुन्यात पाठवायची आमची तयारी आहे. मापक झाडापासून, भिंतीपासून किती लांब हवा, किती उंचीवर हवा, हे तुमच्या माणसानं एकदा येऊन दाखवावं, आम्ही तसा हलवू. हंगाम संपेपर्यंत एका तालुक्यात टक्केवारीचा अंदाज देऊन पाहा, आमच्या नोंदींशी ताडून पाहा. छाटणीपासून काढणीपर्यंतचा काळ त्यासाठी पुरेसा आहे. निफाड तालुका निवडलात तर गटाची बैठक बोलावण्याची जबाबदारी माझी. दिवस तुम्ही कळवा, मात्र पोंगा अवस्थेतले दिवस टाळा, तेव्हा कोणालाही बाग सोडता येत नाही.

आपली,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार